शहाण्णव रीडिंगचा गुन्हा

"केबल तू काढलीस की नाही, एवढंच सांग," देसाई साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाय काढली," मनीषा तिसऱ्यांदा म्हणाली.

मी त्याच केबिनमध्ये भिंतीलगतच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. टेबलावर एक कागद पडला होता. हा सगळा प्रकार त्या कागदाच्या जोरावर चालला होता, आणि तो कागद प्रिंट काढून मीच आणला होता.

देसाई साहेब म्हणजे बोईसर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याचे क्यूए मॅनेजर. मालाचा दर्जा आणि त्याचे कागद सांभाळणारं हे खातं. मनीषा तिथे कोल्ड रूमवर ऑपरेटर, कॉन्ट्रॅक्टवरची. राहायला जवळच्या दांडी गावात. आणि मी त्या कारखान्याला तापमान मोजणारे डबे पुरवणाऱ्या छोट्या कंपनीची. आमच्या शेडमध्ये आम्ही सगळे मिळून नऊ माणसं. माझं काम त्या डब्यांच्या आतला प्रोग्राम लिहायचं.

डबा काय करतो ते आधी सांगते. काही औषधं ठरावीक थंडीतच ठेवावी लागतात. कोल्ड रूमच्या भिंतीवर आमचा डबा असतो, त्याला डेटा लॉगर म्हणतात. तो दर पाच मिनिटांनी तापमान बघतो आणि आपल्या मेमरीत लिहून ठेवतो. एकदा लिहिलं की एक रीडिंग झालं. शिफ्ट संपली की डबा यूएसबी केबलने शेजारच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि रीडिंग उतरवून घ्यायची. मग पुढच्या शिफ्टचा माणूस स्टार्ट दाबतो. स्टार्ट दाबला की जुनी रीडिंग पुसली जातात.

नवा यूएसबीवाला डबा बसवून पाचच दिवस झाले होते. त्या पाच दिवसांत फर्स्ट शिफ्टला मनीषा होती. त्यातल्या चार दिवसांची तिची रीडिंग कॉम्प्युटरवर नव्हतीच. सेकंड आणि नाईटची सगळी जागेवर. औषधाच्या कारखान्यात रीडिंग नाही याचा अर्थ एकच लावतात. काहीतरी लपवलंय. दार उघडं राहिलं असेल, माल तापला असेल आणि बाईने पुरावा पुसला असेल.

आणि कागदावर चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, मनीषाचा लॉगिन, आणि पुढे इंग्रजीत छापलेलं वाक्य: ट्रान्सफर कॅन्सल्ड बाय यूजर. म्हणजे उतरवणं चालू असताना वापरणाऱ्याने ते थांबवलं.

"मशीन खोटं बोलतं का?" देसाई साहेब म्हणाले.

मनीषा म्हणाली, "डाउनलोडची पट्टी शेवटाला जाते नि तिथंच उबी राते. मी चार येळा रजिस्टरात लिवलंय, डाउनलोड अडकला म्हणून."

"ते नंतरही लिहिता येतं."

मग त्यांनी टाइप केलेला दुसरा कागद पुढे सरकवला. माफीनामा. केबल मी काढली, पुन्हा असं होणार नाही. खाली सहीची जागा. शुक्रवारपर्यंत सही दिली तर वॉर्निंग देऊन दुसऱ्या खात्यात पाठवतील. नाही दिली तर गेट पास रद्द. गेट पास गेला की कॉन्ट्रॅक्टरकडे नाव जातं, आणि एका गेटवरून काढलेल्या बाईला दुसऱ्या गेटवर कुणी उभं करत नाही. त्या दिवशी मंगळवार होता.

"जी गोष्ट मी केलीच नाय, तिच्यावर सई कशाला करू?" मनीषा म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने कागद हातातही घेतला नाही.

देसाई साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या सिस्टीममध्ये आणखी काही कारण असू शकतं का?"

मी म्हणाले, "तपासते, साहेब."

एवढंच म्हणाले. कारण मला माहीत होतं की ते छापलेलं वाक्य खोटं असू शकतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

हे जरा उलगडून सांगावं लागेल. डबा आणि कॉम्प्युटर यांच्यात यूएसबीवरून जे बोलणं होतं, ते सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा एक भाग डब्यात, एक कॉम्प्युटरवर. आमचे दोन्ही भाग मी लिहिले. लिहिताना एक प्रश्न आला होता. रीडिंग उतरवताना तीस सेकंद काहीच आलं नाही तर स्क्रीनवर काय दाखवायचं? मी 'एरर' लिहिलं होतं. आमच्या शेडचे मालक दळवी सर म्हणाले, एरर बघितली की कस्टमर फोन करतो. बहुतेक वेळा लोकच केबल ओढतात. लिही, यूजरने थांबवलं. मला तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नाही. मी लिहिलं.

सरांबद्दल इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी किनवटकडची. आठवीत शाळा सुटली. आईवडिलांबरोबर बांधकामावर काम करत करत या भागात आले. एका ओळखीने सरांच्या शेडमध्ये सोल्डरिंगला लागले. सर्किट तपासताना मी विचारत असलेले प्रश्न ऐकून सरांनी मला स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. मार्कशीट कधी मागितली नाही. वर्षभर रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. आजही कोणी पाहुणा आला की ते मला बोलावून सांगतात, आमची फर्मवेअरवाली. फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्राम. मला अजून रोज सकाळी वाटतं की आज कोणीतरी येईल आणि म्हणेल, तुझं शिक्षण किती, ऊठ या खुर्चीतून. ती खुर्ची सरांनी दिलेली आहे, हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

शेडवर परतल्यावर मी तसाच दुसरा डबा टेबलावर घेतला आणि संध्याकाळपर्यंत रीडिंग उतरवत बसले. वीस वेळा केलं, वीस वेळा नीट झालं. सर मागे उभे राहून बघत होते.

"बघ. चालतंय. बाईनेच काढली असणार," ते म्हणाले आणि फोन घ्यायला गेले.

मला त्यात हायसं वाटलं, हे कबूल करते. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण वाटलं. कोड बरोबर, खुर्ची शाबूत. मग मनीषाचा चेहरा आठवला. दमदाटी होत असताना माणूस खोटं बोलत असेल तर गोष्ट थोडी थोडी बदलत जाते. तिची गोष्ट तीन वेळा तशीच्या तशी आली होती. पट्टी शेवटाला जाते आणि उभी राहते. केबल ओढली तर पट्टी मधेच कुठेतरी थांबायला हवी. दर वेळी शेवटालाच कशी थांबेल? हे देसाई साहेबांना सुचलं नाही. मला तरी केबिनमध्ये कुठे सुचलं होतं?

बुधवारी दुपारी तीनच्या आधी मी कारखान्यात पोचले. तपासणीचं कारण होतंच. मनीषाला कोल्ड रूमवरून काढून गेटजवळच्या टाइम ऑफिसबाहेर बाकावर बसवलं होतं. काम नाही, नुसतं बसायचं. येणारा-जाणारा बघणार. चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच ही शिक्षा सुरू झाली होती. तिने मला बघितलं आणि मान फिरवली. कागद मीच आणला होता ना.

आत सेकंड शिफ्टचा राकेश होता. कायम नोकरीतला, बिहारचा, मोकळा माणूस. मी त्याला रीडिंग कशी उतरवतो ते करून दाखवायला सांगितलं. त्याने केबल लावली आणि थेट डाउनलोड दाबला. स्टॉप दाबलाच नाही.

"स्टॉप?" मी विचारलं.

"कौन करता है मॅडम. चालू में ही निकाल लेता हूँ."

"कभी अटकता है?"

"कभी-कभी. फिर चाय पीके आओ, दुबारा करो, हो जाता है. आपका डिब्बा थोड़ा नखरेवाला है."

त्याला वाटलं मला राग येईल. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणजे अडकणं त्याच्याकडेही होत होतं. फक्त पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुटत होतं. त्याच्या नावावरही 'यूजरने थांबवलं'च्या दोन ओळी लॉगमध्ये सापडल्या. पण दुसऱ्या खेपेला रीडिंग मिळालेली असल्यामुळे त्या ओळींकडे कोणी बघितलंच नव्हतं.

भिंतीवर एसओपी चिकटवलेली होती. काम कोणत्या क्रमाने करायचं याचा हा छापील कागद. खाली देसाई साहेबांची सही. शिफ्टच्या भोंग्याला स्टार्ट. शिफ्ट संपल्याच्या भोंग्यानंतर रजिस्टरात वेळ लिहून स्टॉप. स्टॉप केल्यावरच केबल जोडणे. रजिस्टर उघडलं. राकेशच्या आणि नाईटच्या ओळींत स्टॉपची वेळच नव्हती; मनीषाच्या ओळी एकसारख्या होत्या. सात वाजून एक मिनिट, तीन वाजून दोन मिनिटं. सात एक, तीन तीन. फक्त गेल्या बुधवारच्या ओळीत तीन चाळीस होतं, आणि त्याच दिवसाची रीडिंग कॉम्प्युटरवर होती. राकेशने स्वतःच सांगितलं की त्या दिवशी तो उशिरा आला होता आणि तो येईपर्यंत मनीषाने डबा चालूच ठेवला होता.

बाहेर येऊन मी बाकावर तिच्या शेजारी बसले. ती सरकली.

"ताई, तुम्ही रोज इतकं मिनिटावर कसं करता?"

तिने पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे. "कायमवाल्याला कोण इचारतं बाय? आमाला दोन मिनटं उशीर झाला का हाफ डे लागतो. भिंतीवर जे लिवलंय ते तसंच्या तसं करते मी. उद्या कोणी म्हणाया नको, दांडीची बाय आली नि कायदा मोडला."

"अडकल्यावर काय केलंत?"

"परत केला. परत अडकला. चार-पाच येळा केला. मग राकेश येतो, त्याला इस्टार्ट करायचं असतं. मी सुपरवायझरला सांगलं. तो बोलला, फिर से करो. तेच तर करते हाय ना मी."

मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुमी त्या सायबांच्या बाजूच्या का?"

कोणाच्या बाजूची होते मी? मी फक्त म्हणाले, सही करू नका. तेवढंही बोलायचा मला कुणी अधिकार दिलेला नव्हता.

रिक्षात बसल्या बसल्या मी हिशोब मांडला. सात ते तीन, आठ तास. पहिलं रीडिंग स्टार्टनंतर पाच मिनिटांनी, मग दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे तासाला बारा. आठ तासांची शहाण्णव. नियमाने चालणाऱ्या बाईची रोज बरोबर शहाण्णव रीडिंग. आणि मी टेबलावर वीस वेळा जी चाचणी केली ती दर वेळी मेमरीत आयत्या भरून ठेवलेल्या शंभर रीडिंगची. का शंभर? काही कारण नाही. गोल आकडा, मोजायला सोपा.

गुरुवारी सकाळी मी डब्याचं घड्याळ पळवलं. पाच मिनिटांऐवजी दर सेकंदाला एक रीडिंग. शहाण्णव झाल्यावर स्टॉप. डाउनलोड. पट्टी सरसर शेवटाला गेली आणि उभी राहिली. तीस सेकंदांनी स्क्रीनवर माझंच वाक्य आलं. यूजरने थांबवलं. माझे दोन्ही हात टेबलाखाली होते.

सत्त्याण्णव करून बघितली. झालं. पंच्याण्णव, झालं. ऐंशी, अडकलं. चौसष्ट, अडकलं. सोळाच्या पाढ्यातला आकडा आला की अडकतं. तेव्हा कळलं काय ते, आणि कळल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला की मी उठून शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

यूएसबीवरून माहिती एकदम जात नाही. ठरावीक मापाच्या खेपांमध्ये जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. आमच्या डब्यात एका पॅकेटमध्ये चौसष्ट बाइट बसतात. बाइट म्हणजे साठवणीचं लहानसं माप. स्क्रीनवरची पट्टी नुसती दाखवायला असते; माल घेणाऱ्या कॉम्प्युटरला एकूण किती येणार हे आधी माहीत नसतं. मग संपलं हे त्याला कसं कळतं? जे पॅकेट पूर्ण भरलेलं नाही, ते शेवटचं. पण माल नेमका पूर्ण पॅकेटांमध्येच बसला तर? शेवटचं पॅकेटही भरलेलं येतं, आणि कॉम्प्युटर आणखी येईल म्हणून वाट बघत बसतो. अशा वेळी डब्याने शेवटी एक रिकामं पॅकेट पाठवायचं असतं. ते आलं की कॉम्प्युटर समजतो, संपलं. आमचं एक रीडिंग बारा बाइटचं. सोळा रीडिंगमध्ये तीन पॅकेट काठोकाठ भरतात. शहाण्णवमध्ये अठरा. रिकामं पॅकेट मी पाठवतच नव्हते. राकेशचा डबा चालूच असायचा, त्यामुळे तो चहा पिऊन येईपर्यंत एखादं रीडिंग वाढायचं आणि गाडी सुटायची. मनीषाने नियमाप्रमाणे डबा थांबवलेला. शहाण्णवची शहाण्णवच राहायची. शंभर वेळा केलं असतं तरी शंभर वेळा अडकलं असतं.

राग कशाचा, तर हे सगळं मी वाचलेलं होतं. चिप बनवणाऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकात एक ओळ होती या रिकाम्या पॅकेटबद्दल. रिकामं कशाला पाठवायचं, असं म्हणून मी पुढे गेले होते. आणि मी स्लॅबवर घमेली वाहिलेली बाई. बायका रांगेने घमेली वर देतात. खाली माल संपला हे वरच्या मिस्त्रीला कसं कळतं? अर्धं घमेलं आलं की. आणि शेवटचं घमेलं भरलेलंच निघालं तर मागून एक रिकामं वर पाठवायचं, नाहीतर मिस्त्री थापी हातात धरून उभा राहतो आणि वरून शिव्या देतो. हे मला चौदाव्या वर्षी येत होतं. खुर्चीत बसल्यावर विसरले.

कोडमध्ये चार ओळी वाढवल्या. शहाण्णव, ऐंशी, चौसष्ट, सगळं सुटलं. जेवायच्या आधी मी सरांना दाखवलं.

सर खूश झाले. पाठीवर थाप मारली. "छान पकडलंस. व्हर्जन दोन म्हणून पाठवून दे. लिहू, कम्युनिकेशनमध्ये सुधारणा."

"आणि मनीषाताई?"

"कोण मनीषा?"

मी सांगितलं. उद्या शुक्रवार, उद्या तिची सही घेणार आहेत.

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "सुनंदा, ती बाई आपल्या पगारावर आहे का?"

"नाही. पण तिच्यावर टाकलेला कागद आपल्या डब्यातून निघालाय."

"देसाईंकडे आणखी सात कोल्ड रूम आहेत. आपल्याच डब्यात दोष होता असं आपण लिहून दिलं तर उद्या ते दुसरा सप्लायर बघतील. इथली नऊ माणसं काय करतील? तुला या जागेवर कोणी आणलं, ते विसरलीस का?"

हे वाक्य सर कधी बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं नाही, इतका संताप झाला. आणि संताप आला तरी सर खोटं बोलत नव्हते. आणलं त्यांनीच होतं.

"नाही विसरले," मी म्हणाले. "म्हणून तुम्हाला आधी सांगितलं. नाहीतर थेट तिकडेच गेले असते."

सरांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, तुला जे सांगायचं ते सांग, मी येणार नाही. आणि मला विचारलं तर मी म्हणेन, मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी एकटी गेले. पिशवीत डबा, केबल आणि पॅकिंगची चिकटपट्टी. नवा प्रोग्राम मुद्दामच टाकला नव्हता, घड्याळ तेवढं पळवलेलं होतं. देसाई साहेबांच्या केबिनमध्ये कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझरही होता, माफीनामा टेबलावरच होता. मी म्हणाले, साहेब, पाच मिनिटं द्या, आणि मनीषाताईंना आत बोलवा.

"तिला कशाला? तुम्हीच दाखवा."

"हात त्यांचेच हवेत."

ती आली. मी केबल दोन्ही टोकांना चिकटपट्टीने बांधून टाकली. डब्याला आणि कॉम्प्युटरला, दोन-दोन वेढे. सुपरवायझर हसला, क्या मॅडम, पार्सल कर रहे हो क्या. मी म्हणाले, आता ही केबल काढायची तर कात्री लागेल, सगळ्यांनी बघून घ्या. मनीषाने स्वतःचा लॉगिन घातला. स्टार्ट. डब्यावर आकडा चढत गेला. शहाण्णवला तिने स्टॉप दाबला, डाउनलोड दाबला आणि हात मागे घेऊन पदराखाली बांधले. पट्टी शेवटाला गेली. उभी राहिली. अर्ध्या मिनिटाने ओळ आली. यूजरने थांबवलं, आणि पुढे तिचं नाव.

देसाई साहेब पुढे वाकले. "परत करा."

"साहेब, या वेळी तुम्ही करा," मी म्हणाले. "तुमच्या लॉगिनने."

का म्हणाले मला माहीत नाही. आदल्या रात्री ठरवलेलं नव्हतं. त्यांनी भुवया चढवल्या, पण केलं. माणूस कडक असला तरी कामाचा होता. शहाण्णव. स्टॉप. डाउनलोड. मग स्वतःहून खुर्ची मागे सरकवून हात छातीवर बांधले. आम्ही चौघं स्क्रीनकडे बघत होतो. ओळ आली. ट्रान्सफर कॅन्सल्ड बाय यूजर. पुढे देसाई साहेबांचं पूर्ण नाव.

मग मनीषाने विचारलं, अगदी सरळ आवाजात, "सायब, तुमी काडली का वायर?"

सुपरवायझर खिडकीबाहेर बघायला लागला.

देसाई साहेबांचे कान लाल झाले. ते मनीषाला काहीच बोलले नाहीत, माझ्यावर घसरले. "मग हे असं का लिहिलंय तुमच्या सिस्टीमने? मी या ओळीवर विश्वास ठेवून बाईला चार दिवस बाकावर बसवलं."

"ते वाक्य मी लिहिलंय, साहेब. रिकामं पॅकेट पाठवायचं मी विसरले, तोही दोष माझाच. ताईंनी तुमची एसओपी तंतोतंत पाळली. ती पाळली म्हणूनच अडकलं. तिन्ही शिफ्टमध्ये त्या एकट्याच पाळत होत्या."

सरांचं नाव मी घेतलं नाही. ते बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही.

"हे लेखी द्याल?"

"आणलंय," मी म्हणाले आणि कागद दिला. स्वतःच्या हाताने लिहिलेला, मराठीत, कारण इंग्रजीत चुका झाल्या असत्या आणि लोकांनी मजकूर सोडून चुकाच वाचल्या असत्या.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग माफीनामा उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही. मी बघत राहिले, तेव्हा म्हणाले, "रेकॉर्ड आहे, फाडता येत नाही. वर रद्द असं लिहितो." आणि लिहिलं. मी ते लिहून होईपर्यंत उठले नाही.

आता जे झालं ते सांगते. मनीषाचा गेट पास त्याच दिवशी चालू झाला, सोमवारपासून ती कोल्ड रूमवर परत आली. बाकावर बसवलेले चार दिवस मात्र हजेरीत रजा म्हणून लागले. मी विचारलं तर उत्तर मिळालं, काम केलं नाही ना. काम करू कोणी दिलं नाही, हे लिहायला त्यांच्या फॉर्मात रकाना नव्हता. चुकलं असं तिला कोणी म्हटलं नाही. साहेबांनी नाही, सुपरवायझरने नाही. मी म्हटलं, गेटजवळ. तिने ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"आता अडकला तर माजं नाव नाय ना येणार?"

ऑर्डर गेली नाही. देसाई साहेबांनी सातही डबे आमचेच घेतले, फक्त प्रत्येक डबा त्यांच्यासमोर शहाण्णव रीडिंगवर चालवून दाखवायची अट घातली. सर माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले. मग एक दिवस पाहुणे आले, तेव्हा सरांनी नेहमीसारखी हाक मारली आणि म्हणाले, आमची फर्मवेअरवाली. मी उभी राहिले, हसलेसुद्धा. सरांचे उपकार आहेत आणि सरांचा राग आहे. दोन्ही एकाच खुर्चीत बसतात, मी काय करू.

ते वाक्य मी बदललं. आता तीस सेकंद काही आलं नाही तर स्क्रीनवर मराठीत येतं: रीडिंग पूर्ण उतरली नाहीत. कारण कळले नाही. डब्यातील रीडिंग सुरक्षित आहेत, स्टार्ट दाबू नका. पुढे कोणाचंच नाव नाही. सर म्हणाले, 'कारण कळले नाही' हे फार वाईट दिसतं, कस्टमर काय म्हणेल. मी म्हणाले, कस्टमर फोन करेल. करू दे. फोन माझ्या टेबलावर आहे.